तीन दात पुढची खूण

उस्ताद, तुमच्या मयतीला मी आलो नव्हतो हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल, म्हणून आधी तेच सांगतो. निरोप सकाळीच आला होता, निघायला वेळही होता. मी ताडकळसच्या बस स्टँडवर गेलो, बाकावर बसलो, गरम भजी मागवली आणि परभणीकडं जाणाऱ्या तीन एसट्या एकामागून एक जाऊ दिल्या. तुम्हाला खांदा द्यायला सेलूचे पंचवीस मिस्त्री रांगेत उभे होते असं नंतर ऐकलं. मी हिरव्या मिरचीचा शेवटचा तुकडा मिठात बुडवून खाल्ला, हात पुसले आणि गॅरेजवर परत येऊन एका मोटरसायकलच्या क्लचप्लेटा बदलल्या. त्याला आता एकोणीस वर्षं झाली. त्या भज्यांबद्दल मला अजून एकदाही वाईट वाटलेलं नाही.

आज लिहायला बसलो ते त्या गाडीमुळं. कापसाच्या जिनिंगवाल्या शेठजींची काळी गाडी, परदेशी बनावटीची, गोल दिव्यांची, जिच्या बॉनेटवर तुम्ही कुणाला कोपर टेकू देत नव्हता तीच. इतकी वर्षं जिनिंगच्या आवारात ताडपत्रीखाली उभी होती. मागच्या महिन्यात ट्रॉलीवर बांधून माझ्या दारात आली. शेठजींची नात परभणीला डॉक्टर आहे, तिला गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची आहे. मी म्हटलं, "सेलूत आमच्या उस्तादांचं दुकान आहे, मुलगा आहे, गाडी इतक्या लांब कशाला आणली?" तर ती म्हणाली, "आजोबांनीच सांगितलं, ताडकळसलाच न्या. तुमचे उस्ताद त्यांना सांगून गेलेत म्हणे. ही गाडी कधी उघडायची वेळ आली तर त्याच्याकडंच द्या, दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका." मी ऐकून घेतलं आणि ट्रॉलीवाल्याला गाडी आत घ्यायला सांगितलं. मनात म्हटलं, ज्या गाडीनं मला सेलूतून हाकललं तीच घरपोच पाठवायची, ही थट्टा फक्त तुम्हालाच सुचू शकते.

नऊ वर्षं मी तुमच्याकडं होतो. तुमच्या शेडच्या पत्र्याला कुठं भोक आहे आणि दुपारी दोनला त्यातून ऊन कुठं पडतं हे मी आजही डोळे मिटून सांगेन. पहिल्याच वर्षी तुम्ही मला एक उघडं इंजिन दाखवलं होतं. स्पार्क प्लगच्या भोकातून सायकलची तार आत सोडलीत आणि क्रँक हळूहळू फिरवायला लावलंत. तार वर आली, क्षणभर थांबली, मग उतरायला लागली. "थांबली तिथं पिस्टन वरच्या टोकाला," म्हणालात, "तिथून सगळी गिनती." मग वरच्या कॅमकडं, व्हाल्व उघडणाऱ्या दांड्याकडं, आणि त्याला खालच्या क्रँकशी जोडणाऱ्या साखळीकडं बोट केलंत. "हे बघ, खाली पिस्टन, वर व्हाल्व. दोघं एकाच घरात राहत्यात, पण दोघांना एका टायमाला दारात येऊ देयाचं न्हाई. साखळीचं काम तेवढंच हाय. एक दात चुकली तर गाडी खोकती, तीन दात चुकली तर पिस्टन येऊन उघड्या व्हाल्ववर आदळतो. म्हणून साखळी बसवली की लगेच चावी मारायची न्हाई. हातानं दोन फेरे. कुठं अडलं तर थांबायचं, जोर लावायचा न्हाई. हातानं फिरवलं तर नुसतं अडतं, स्टार्टरनं फिरवलं तर मोडतं." हे मी शब्दन् शब्द पाठ केलं. पाचव्या वर्षी खंडेनवमीला सगळी हत्यारं पुजून झाल्यावर तुम्ही मला क्रँक फिरवायचा चोवीस नंबरचा पाना दिलात, तुमच्या स्वतःच्या पेटीतला. "आता हे तुझं," एवढंच म्हणालात. मी तो पाना घरी नेऊन आईच्या हातात दिला होता. ती म्हणाली, "लय जड हाय रं," आणि रात्रभर देवाजवळ ठेवला.

तुम्ही मला शिकवलंत हे मी नाकारत नाही. पण तुम्ही मला किती शिकवलंत हे आता कळलं. साध्या गाड्या, पाण्याची इंजिनं, ट्रॅक्टर, सगळ्यांची टायमिंग मी बसवत होतो. बड्या लोकांच्या त्या चार-पाच गाड्या मात्र तुम्ही स्वतः करायचात. कॅमच्या दातेरी गरारीवर साखळी चढवायची वेळ आली की तुम्ही मान वर करून म्हणायचात, "काय बघायलास? जा, चहा सांगून ये." मी चहा सांगून यायचो, तोवर झाकण बसलेलं असायचं. मला वाटायचं उस्ताद चहाचे शौकीन आहेत. दुसऱ्या मिस्त्र्यांनी काही विचारलं की तुम्ही हसून म्हणायचात, झाकली मूठ सव्वा लाखाची. आम्हीही हसायचो.

त्या वैशाखात शेठजींच्या धाकट्या मुलाचं लग्न होतं. नवरदेव त्याच गाडीतून निघायचा होता. साखळी सैल झाली होती म्हणून तुम्ही ती स्वतःच्या हातानं काढून ठेवली आणि नवी हैदराबादहून मागवली. तेवढ्यात चुडाव्याहून निरोप आला, तुमचे साडू गेले. तुम्ही दुपारच्या गाडीनं निघालात. जाताना मला म्हणालात, "साखळी आली तर नीट ठेव." बसवू नको म्हणाला नाहीत. साखळी बसवायच्या, गरारीवरच्या खुणेवर विश्वास ठेवू नको, असं तर मुळीच म्हणाला नाहीत. दुसऱ्या दिवशी पार्सल आलं आणि पाठोपाठ शेठजी आले. "उस्ताद कधी येणार?" मी म्हटलं, परवा. शेठजींनी घड्याळ बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "मग तू नऊ वर्षं काय शिकलास इथं?" समोरच्या दुकानातले लोक उठून शेडच्या दारात आले होते. शेठजींचा मुनीम, जिनिंगचे दोन हमाल, चहावाला, सगळे उभे. मी म्हटलं, बसवतो.

आणि मी बसवली. तार सोडून पिस्टन वरच्या टोकाला आणला. गरारीवर छिन्नीची खूण होती, स्वच्छ, खोल, ती समोरच्या रेषेला लावली. साखळी चढवली, ताण बघितला, झाकण बसवलं, चावी फिरवली. असा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही. कढईत खडे पडावेत तसा खडखडाट, आणि मग एकदम शांत. आठच्या आठ व्हाल्व वाकले होते. नवरदेव भाड्याच्या जीपमधून गेला.

तुम्ही परत आलात ते मयतीहून सरळ शेडमध्येच. शेडमध्ये शेठजींसकट सगळे होते. तुम्ही झाकण काढलंत, आत बघितलंत आणि पहिला प्रश्न विचारलात, "हातानं दोन फेरे मारले होते का?" मी म्हटलं, मारले होते. तुम्ही माझ्याकडं बघत राहिलात. इतका वेळ की मुनीम खाकरला. मला वाटलं तुम्ही शिवी शोधताय. मग तुम्ही शेठजींकडं वळलात आणि म्हणालात, "मार्क बघायला डोळे लागत्यात. याच्याकडं ते न्हाईत. चूक माझी, आंधळ्याच्या हातात इंजन दिलं." मला म्हणालात, "उद्यापासून येऊ नको." मी पाना तिथंच टाकायला निघालो होतो. तुम्ही म्हणालात, "तो तुझा हाय, घेऊन जा." सगळ्यांसमोर मी तो उचलला आणि बाहेर पडलो.

त्या दिवसापासून सेलूत माझं नाव वाकड्या पडलं. वाकडे व्हाल्व करणारा. पोरंसोरंही म्हणायची. कुठल्याच गॅरेजनं मला इंजिनाला हात लावू दिला नाही, पंक्चर काढायला ठेवायला मात्र तयार होते. माझी बायको लग्नानंतर पहिल्यांदा सेलूच्या बाजारात गेली तर भाजीवाल्यानं तिला विचारलं, "वाकड्याची बायको का?" तिनं घरी येऊन पिशवी ठेवली आणि भात टाकला. मला दोन दिवसांनी शेजाऱ्याकडून कळलं. मग आम्ही ताडकळसला आलो. मोटरसायकली, फवाऱ्याची इंजिनं, आठवड्याच्या बाजारादिवशी ढकलत आणलेल्या जीपगाड्या, यावर मी उभा राहिलो. आणि प्रत्येकाला, जो ऐकेल त्याला, मी सांगत आलो की मी खूण बरोबर लावली होती आणि हातानं दोन फेरेही मारले होते, त्या इंजिनातच काहीतरी खोट होती. कुणी मान हलवायचं, कुणी हसायचं. माझी पोर मात्र लहानपणापासून खरं मानत आली. ती आता पंचवीस वर्षांची आहे, ऑटोमोबाइलचा डिप्लोमा केलाय, माझ्याच गॅरेजमध्ये काम करते आणि माझ्यापेक्षा चांगलं करते.

तुम्हाला उघडं पाडलं ते तिनं. आम्ही दोघांनी गाडी उघडली. मी तुमची सायकलची तार शोधत होतो, तर तिनं क्रँकवर अंशांची गोल तबकडी बसवली, प्लगच्या भोकात काट्याचं मापयंत्र लावलं, पिस्टनचं वरचं टोक दोन्ही बाजूंनी मोजून मधोमध धरलं. मग व्हाल्व कुठल्या अंशाला उघडतो, कुठल्या अंशाला मिटतो ते वहीत लिहिलं. तीन वेळा फिरवून तीन वेळा लिहिलं. मी शेजारी उभा राहून बघत होतो. ती म्हणाली, "अप्पा, गंमत बघा. टायमिंग बरोबर हाय, मार्क चूक हाय." मी म्हटलं, असं कसं होईल, माझ्यानंतर व्हाल्व बदलून उस्तादांनीच ती पुन्हा जुळवलीय. तिनं गरारी पुसली, मोबाइलचा उजेड पाडला. छिन्नीची ती खोल, स्वच्छ खूण खऱ्या जागेपासून तीन दात पुढं होती. खऱ्या जागेवर कंपनीची बारीक खूण कानशीनं घासून सपाट केलेली, बोट फिरवल्यावर लागते, डोळ्यांना दिसत नाही.

मी तिथंच चाकावर बसलो. तुमचा हात मी ओळखत नाही का? छिन्नी डावीकडं जरा कलती धरायची तुमची सवय. म्हणजे बड्यांच्या गाड्यांवर तुम्ही खोटी खूण ठोकून ठेवायचात, दुसऱ्या मिस्त्र्यानं उघडली तर त्याचा बोऱ्या वाजावा आणि गिऱ्हाईकानं नाक घासत तुमच्याकडं परत यावं म्हणून. स्वतः बसवताना तीन दात मागं मोजून बसवायचात आणि मला चहा सांगायला पाठवायचात. तुमच्या त्या सापळ्यात नेमका तुमचाच माणूस सापडला. आणि तुम्ही झाकण काढल्याबरोबर ओळखलंत. ओळखून मला आंधळा म्हणालात. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. मग अंथरुणाला खिळल्यावर शेठजींना निरोप दिलात, गाडी त्याच्याकडंच द्या. उस्ताद, माफी मागायची तर तोंडानं मागावी. इंजिनात कुलूपबंद करून ताडपत्रीखाली ठेवलेली माफी मला नको. मी ती गाडी कधी उघडलीच नसती तर?

त्या दिवसापासून मला झोप चांगली लागायला लागली, खोटं कशाला बोलू. मी मनसुबा ठरवला. डॉक्टरबाईंनी नवी गरारी मागवलीच होती, कारण जुनीचे दात झिजलेत. ती आली की जुनी माझी. खंडेनवमीला तुमच्या दुकानात सगळे मिस्त्री हत्यारं घेऊन येतात, तुमच्या फोटोला हार घालतात, तुमचा मुलगा पेढे वाटतो. मी ती गरारी पितळेच्या ताटात घालून नेणार होतो, हळदकुंकू लावून, तुमच्या फोटोसमोर ठेवणार होतो. म्हणणार होतो, या, सगळे बघा, उस्तादांची खूण बघा, बोट लावून बघा. वाकड्या कोण होता ते बघा. ज्यांनी तुम्हाला खांदा दिला त्यातले निम्मे अजून जिवंत आहेत. तुमच्या मुलाच्या हातातला पेढ्यांचा पुडा तसाच राहील, हे मी रोज आंघोळ करताना डोळ्यांसमोर आणत होतो. तुमचा हार कुणी काढला नसता, पण पुढच्या वर्षी तो घालताना प्रत्येकाचा हात थोडा अडखळला असता. मला तेवढं पुरेसं होतं.

परवा नवी गरारी यायची होती. पोरीला मात्र चैन पडेना. म्हणाली, "अप्पा, एकदा त्या उस्तादाच्या मार्कावर लावून बघू का? हातानंच फिरवते." मी नको म्हणायला पाहिजे होतं. पण नको का, हे सांगता आलं नसतं. तिनं साखळी उतरवली, तुमची खूण रेषेला लावली, साखळी चढवली. मग भिंतीवरचा चोवीस नंबरचा पाना काढला, तोच, आणि क्रँकला लावून फिरवायला लागली. पाव फेरा झाला, अर्धा झाला. पाना थांबला. तिनं जरा मागं घेऊन पुन्हा हळूच पुढं आणला. पुन्हा तिथंच थांबला. टक् असा बारीकसा आवाज, काही मोडलं नाही, काही वाकलं नाही. तुम्ही सांगायचात तसंच. हातानं फिरवलं तर नुसतं अडतं.

"अडलं," ती म्हणाली. पाना हातात तसाच धरून तिनं माझ्याकडं बघितलं. "एक फेरासुद्धा होईना, अप्पा. मग तुमी दोन फेरे मारले तवा अडलं कसं न्हाई?"

मी म्हटलं, "तवा व्हाल्व दुसरे होते. जरा आखूड." तिच्याकडं डिप्लोमा आहे, उस्ताद. तिनं तीन वेळा वहीत अंश लिहिलेत. ती म्हणाली, "हां, तसं असंल," आणि बराच वेळ माझ्याकडं बघत राहिली. ते बघणं मी आधी एकदा पाहिलं होतं, तुमच्या शेडमध्ये, मुनीम खाकरण्याआधी. मग तिनं साखळी खऱ्या जागी चढवली आणि दोन फेरे मारले. मोठ्यानं मोजून मारले, एक, दोन. मी नळावर हात धुवायला गेलो.

म्हणजे तुम्हाला त्याच घडीला कळलं होतं. तुमच्या खुणेवर तो क्रँक दोन फेरे फिरूच शकत नाही, हे जगात एकट्या तुम्हाला ठाऊक होतं. मी मारले म्हणालो तेव्हा मी खोटं बोलतोय हे तुम्ही ओळखलंत आणि ते बोलून दाखवता येईना, कारण मग खूण सांगावी लागली असती. मला हाकलताना तुम्ही माझं खोटं झाकलंत आणि तुमचंही. झाकली मूठ. आणि ती गाडी माझ्याकडं पाठवलीत ती माफी म्हणून की मला हे दाखवायला, हे मी आता कुणाला विचारू? शेठजींना ऐकू येत नाही. तुमच्या मुलाला गरारी आणि बांगडी यातला फरक कळत नाही.

नवी गरारी काल बसली. गाडी पहिल्या चावीला सुरू झाली, आवाज असा की पोरीनं बॉनेटवर पाण्याचा पेला ठेवला तर पाणी हललं नाही. जुनी गरारी फडक्यात गुंडाळून माझ्या पेटीत आहे. खंडेनवमीला चार दिवस राहिलेत. ताटही घासून ठेवलंय. पण तिथं जमणारे सगळे मिस्त्री आहेत, उस्ताद, तुमच्या हाताखालचे. गरारी बघून कुणीतरी मान वर करून तेच विचारणार जे माझ्या पोरीनं विचारलं, आणि त्या वेळी ती माझ्या शेजारी उभी असणार.

तुम्हाला मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. खोटी खूण तुम्ही ठोकलीत, आंधळा मला म्हणालात, माझी तीस वर्षं त्यात गेली. हा कागद गरारीबरोबर त्याच फडक्यात राहील, कारण तुमचा पत्ता नाही आणि असता तरी मी टाकला नसता.

पण त्या दिवशी शेठजी बघत होते. दारात माणसं उभी होती. गिऱ्हाईकासमोर तुम्ही नेहमी सरळ चावी मारायचात, दोन फेरे तुम्ही आधीच गुपचूप मारून ठेवलेले असायचे. मला तुमच्यासारखी सरळ चावी मारायची होती. पाना माझ्या खिशात होता. मी तो बाहेर काढला नाही.